फिशटँकच्या मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

टँकच्या मागं चिकटवलेलं ते निळं पोस्टर काढून तिथं खरी झाडं लावायची म्हटलं की लोक लगेच सीओटूचा सिलिंडर, बाहेरून मागवलेली माती, महागडी लाईट असलं काय काय डोक्यात घेतात आणि मग राहू दे म्हणून सोडून देतात. एवढं काय लागत नाय. खाली जे प्रश्न घेतलेत ते परत परत येणारेच आहेत, उत्तरं काही लांब झालीत काही एका ओळीत संपलीत, चालवून घ्या.

मागच्या बाजूला लावायला सगळ्यात सोपं झाड कुठलं?

व्हॅलिसनेरिया. दुकानात व्हॅलिस म्हणतात, कोण टेप ग्रास म्हणतंय, कोण नुसतं लांब गवत. अरुंद चपटी पानं सरळ वर जातात, वर पाण्याला टेकली की आडवी होऊन तरंगतात, आणि चार-सहा महिन्यांत मागची काच पडद्यासारखी झाकून जाते. मागची फिल्टरची पाईप, हीटर, वायर सगळं त्याच्या आड जातंय. बाहेरचं परदेशी झाड पण नाय हे, भारतातल्या तळ्यांत नि संथ वाहणाऱ्या ओढ्यांत आपोआप उगवणारं आहे, त्यामुळं आपल्याकडच्या हवेला नि पाण्याला ते नाक मुरडत नाही.

पण दुकानदार तर कॅबोंबा देतोय, ते जास्त छान दिसतंय की?

दिसतंय छान, खरं आहे. पण उजेड कमी पडला की खालची पानं गळायला लागतात आणि गळलेला सगळा चुरा फिल्टरच्या तोंडाशी जाऊन बसतो. हायड्रिला लावणार असाल तर ते जगतंय, जगतंय म्हणजे इतकं जगतंय की दर आठवड्याला उपसावं लागतंय. दुसरा खरा पर्याय म्हणजे हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, ते पण भारतातलंच, कांडी तोडून वाळूत खोचली की मुळं धरते. फक्त त्याची सारखी छाटणी करावी लागते आणि व्हॅलिसला ती कटकट कमी, म्हणून माझं मत व्हॅलिसलाच.

व्हॅलिसमध्ये पण प्रकार असतात म्हणे, कुठला घेऊ?

टँकच्या उंचीवर आहे. एक फूट उंचीचा टँक असेल तर नाना नावाचा प्रकार, त्याची पानं एकदम बारीक असतात आणि साधारण फूट-सव्वा फुटात थांबतात. दीड-दोन फूट उंचीला स्पायरॅलिस, हाच सगळीकडं मिळतो. पिळवटलेल्या पानांचा एक प्रकार येतो तो पण बुटका असतोय, दिसायला वेगळा, हवा तर घ्या. जायगँटिया मात्र चार फूट लांबीचा मोठा टँक असेल तरच, त्याची पानं मीटरच्या वर जातात, आणि दोन फूट लांबीच्या टँकमध्ये ती वर पसरून खालचा सगळा उजेड अडवतात.

एक बघून घ्या, सॅजिटेरिया नावाचं झाड पण व्हॅलिस म्हणून खपवलं जातंय. व्हॅलिसच्या पानाच्या टोकाजवळची कड बोटानं चाचपली की बारीक दातेरी लागते, सॅजिटेरियाची कड गुळगुळीत आणि पान जरा कडक असतंय. सॅजिटेरिया वाईट नाही बरं का, तेही सोपंच आहे, फक्त उंची कमी मिळेल आणि मागं लावायला घेतलेलं झाड पुढं लावावं लागेल.

आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, भांड्यावर पांढरे डाग पडतात, त्यात कुठं झाडं येणार?

उलट त्यातच येणार! हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. झाडाला कार्बन लागतो. बरीच पाणझाडं पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साईडच घेऊ शकतात आणि तो साध्या टँकमध्ये फार कमी असतो, म्हणून तर लोक सिलिंडर लावतात. व्हॅलिस मात्र पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून पण कार्बन काढून घेऊ शकतं, आणि जड म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात नेमकं हेच बायकार्बोनेट भरपूर असतंय. म्हणजे ज्या बोअरच्या पाण्याला घरात सगळे नावं ठेवतात, गीझर खराब झाला, बादलीवर थर बसला म्हणून, त्याच पाण्यात हे झाड सिलिंडरशिवाय मजेत वाढतंय. पीएच साडेसहा ते साडेआठ कुठंही चालतो. कधी कधी पानांवर पांढरी खरखरीत पूड बसलेली दिसेल, रोग समजू नका, बायकार्बोनेट ओढून घेतल्यावर मागं राहिलेला चुना आहे तो.

आरओचं प्यायचं पाणी टँकमध्ये घालणारे पण भेटतात. त्यातले क्षार आरओनं काढून टाकलेले असतात. माशाला नको, झाडाला नको, आणि तुम्हालाही एवढं पाणी वाया घालवायला नको. टीडीएस मीटर कुणाकडं असेल तर तेवढ्यावर निकाल लावू नका, तो एकूण विरघळलेलं सगळं मोजतो, त्यात जडपणा किती ते कळत नाही.

आणि महापालिकेचं नळाचं पाणी?

चालतंय. घाटाकडनं येणारं नदीचं, धरणाचं पाणी बोअरपेक्षा हलकं असतंय, तरी व्हॅलिस त्यात पण येतं, वाढ जरा सावकाश. घरात दोन्ही असेल तर निम्मं निम्मं करा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो तो मात्र काढायला पाहिजे, बादली उघडी ठेवून एक दिवस जाऊ द्यायचा किंवा दुकानात अँटीक्लोरीन म्हणून सोडियम थायोसल्फेट मिळतं ते बाटलीवर लिहिल्याप्रमाणं टाकायचं. क्लोरीननं झाडापेक्षा जास्त नुकसान माशांच्या कल्ल्यांचं आणि फिल्टरमधल्या चांगल्या जिवाणूंचं होतंय. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की चार-पाच दिवस पाणी बदलायचं पुढं ढकला, झाडं असलेल्या टँकला तेवढ्यानं काय होत नाय.

लावायचं कसं ते नीट सांगा, मी लावलं की कुजतंय.

कुजतंय म्हणजे तुम्ही खोल लावताय, पैजेवर सांगतो. मुळं जिथं संपतात आणि पानं जिथनं फुटतात तो मधला पांढरट गड्डा असतोय ना, तो वाळूच्या वर दिसला पाहिजे. वाळूत गाडला की कुजला. पद्धत अशी, मुळं फार लांब असतील तर कात्रीनं दोन इंचांवर आणा, वाळूत बोटानं खड्डा करून झाड मुद्दाम जरा जास्त खोल बसवा, वाळू लोटा, आणि मग झाड हळूच वर ओढा, गड्डा दिसेपर्यंत. त्यामुळं मुळं खाली सरळ राहतात. दोन रोपांत दोन इंच अंतर सोडा, मागच्या काचेपासून पण इंचभर सोडा म्हणजे काच पुसायला जागा राहते. दोन फुटी टँकला आठ-दहा रोपं बास झाली, जास्त घेऊन पैसे घालवू नका, बाकीची ती स्वतः करतात.

एक अजून, लावल्यावर रोज उपटून मुळं आली का बघायचं नाय. लहान पोरं असलं करतात असं नाही, मोठी माणसं पण करतात.

लावून आठवडा झाला, सगळी पानं पिवळी पारदर्शक होऊन वितळायला लागलीत, मेलं का?

बहुतेक नाय. जागा बदलली, पाणी बदललं की व्हॅलिस जुनी पानं सोडतं, काही रोपं तर नुसता बुडखा शिल्लक राहीपर्यंत वितळतात. मेलेली पानं काढून टाका म्हणजे पाणी सडणार नाही, पण गड्डा आणि मुळं हलवू नका. गड्डा बोटाला घट्ट लागला तर जिवंत आहे, दोन-तीन आठवड्यांत मधनं नवीन हिरवं पान निघेल. मऊ झाला आणि वास येतोय तर गेला तो, काढा.

लिक्विड कार्बन टाकला तर लवकर वाढेल का?

टाकू नका. बाजारात लिक्विड कार्बन म्हणून ज्या बाटल्या मिळतात त्यातल्या बऱ्याच ग्लुटाराल्डिहाईडच्या असतात, दवाखान्यात अवजारं निर्जंतुक करायला वापरतात तेच रसायन. बाकी काही झाडं ते सहन करतात, व्हॅलिस करत नाही, वितळतं. चांगलं वाढलेलं व्हॅलिस अचानक बसलं अशी तक्रार आली की मी आधी हीच बाटली आणलीय का ते विचारतो. शेवाळ मारायची औषधं, माशांच्या आजारावरची तांब्याची औषधं, मिथिलीन ब्ल्यू हे सगळं पण टँकमध्ये नको, आजारी मासा वेगळ्या बादलीत काढून तिथं औषध द्या.

वाळू कुठली वापरू? नदीची चालेल का?

चालेल, चांगली चालेल. बांधकामाच्या ढिगातली घेतली तर चाळून घ्या, पीठ निघून जाऊ दे, दोन-तीन मिलिमीटरचे कण राहू दे, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बादलीत धुवा. आपल्याकडची काळी बेसाल्टची वाळू एक नंबर, त्यात काळ्यावर हिरवं उठून पण दिसतंय. शिंपल्याचे तुकडे आहेत का बघायला लिंबू पिळा, फेस आला तर चुना आहे. व्हॅलिससाठी थोडा चुना असला तरी बिघडत नाही, पण टँकमध्ये हलक्या पाण्यातले टेट्रासारखे मासे असतील तर नको. थर मागच्या बाजूला अडीच-तीन इंच, पुढं दीड इंच. रंगीत निळी गुलाबी खडी ज्यांना आवडते त्यांनी वापरावी, मला बघवत नाही.

खाली शेतातली माती घालू का? शेणखत?

शेणखत अजिबात नाही, अमोनिया होऊन मासे दोन दिवसांत वर तोंड काढतील. काळी माती पण नको, ती पाण्यात इतकी फुगते नि उडते की टँक कधी निवळतच नाही. तांबडी माती मात्र वेगळी गोष्ट आहे. पन्हाळ्याकडं जांभा दगड नि त्याची तांबडी माती दिसते ना, जांभ्यात लोह भरपूर असतंय, आणि झाडांचे टँक करणाऱ्या जुन्या लोकांनी युरोपात पण जांभ्याचा चुरा वाळूखाली वापरलेला आहे, तयार पाकिटं विकली जायची त्याची. वापरायची तर अर्धा इंचच, वर दोन इंच वाळूचं झाकण, आणि एकदा भरल्यावर तिथलं झाड उपटायचं नाही नाहीतर सगळं लाल. गडावरनं, पठारावरनं उकरून आणू नका, कुणाच्या तरी घराच्या पायाची निघालेली माती पसाभर मिळतीय.

आमच्याकडं शेतीचं १९:१९:१९ खत पडलंय, ते टाकलं तर?

कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न येणारच! नको. त्यातला बराचसा नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो, उसाला ते चालतं, टँकमध्ये अमोनियानं मासे मरतात आणि शेवाळ माजतं. तसंही नत्र आणि स्फुरद माशांच्या विष्ठेतनं आणि उरलेल्या खाण्यातनं आपोआप मिळतंय. कमी पडतं ते पालाश आणि लोह. जुन्या पानांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडायला लागली तर पालाश कमी, तेव्हा कृषी सेवा केंद्रात ०:०:५० म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश मिळतं ते ५० लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम, आधी ग्लासभर पाण्यात विरघळवून, आठवड्यातनं एकदा. नवीन पानं फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं तर लोह कमी, त्याला मुळाशी खोचायची गोळी मिळते ती दोन-तीन महिन्यांनी एक. व्हॅलिस मुळांनी भरपूर ओढतं, त्यामुळं पाण्यात ओतायच्या महागड्या खतांपेक्षा ही गोळी जास्त लागू पडते.

लाईट किती? खिडकीत ठेवला तर लाईटच लागणार नाही ना?

खिडकीत ठेवला तर हिरवं पाणी मिळेल. उन्हाचा तुकडा थेट टँकवर पडत असेल तर आधी शेवाळ येतंय मग झाड. दोन फुटी टँकला १५ ते २० वॅटची पांढरी एलईडी, खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेली, दिवसाला सात-आठ तास, बास. टायमरचा सॉकेट घ्या, कारण माणूस विसरतो, आणि लाईट रात्री अकरापर्यंत चालू राहिली की पानांच्या कडांना काळ्या केसांसारखं शेवाळ धरतंय. निळ्या-जांभळ्या लाईटनं मासे चमकतात, झाडाच्या बाजूनं बघितलं तर पांढरीच बरी.

उन्हाळा आणि थंडीचं काय करायचं?

झाडासाठी काही नाही. १८ ते २८ अंशांत ते खूश असतंय, डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते एवढंच. हीटर लावायचा तो माशांसाठी. एप्रिल-मे मध्ये पाणी तीसच्या वर जातंय तेव्हा गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि रात्री झाडं पण ऑक्सिजनच घेतात, तर मासे जास्त असतील तर रात्री एअरपंप बंद करू नका. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडबंद करत असतील तर कारण हेच.

महापुरात आठवडाभर पाणीच नव्हतं, तसं परत झालं तर टँकचं काय?

२०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेनं उपसा केंद्रंच पाण्याखाली घेतली नि शहराचे नळ बंद झाले, तेव्हा प्यायला पाणी नव्हतं तिथं टँकला कोण देणार. झाडांचा टँक अशा वेळी जड जात नाही. माशांच्या विष्ठेतला अमोनिया फिल्टरमधले जिवाणू नायट्राईट मग नायट्रेट करतात, आणि झाडं अमोनिया पण घेतात नायट्रेट पण घेतात, म्हणून भरपूर व्हॅलिस असलेला टँक दोन आठवडे पाणी न बदलता निघतो. फक्त खाणं निम्म्यावर आणा, दिवसाआड दिलं तरी मासे मरत नाहीत. वीज पण जाते तेव्हा, तर बॅटरीवरचा छोटा एअरपंप घरात असू दे. नळ सुरू झाल्यावर आलेलं पहिलं पाणी किंवा टँकरचं पाणी लगेच घालू नका, त्यात क्लोरीन जास्त मारलेला असू शकतो.

मासे कुठले चालतील?

गप्पी, मॉली, प्लॅटी ह्यांना जड पाणी आवडतंय, म्हणजे बोअरवाल्यांची जोडी जमली. झेब्रा डॅनिओ, बार्ब पण चालतात. गोल्डफिश उकरतो आणि कुरतडतो, पण मुळं धरेपर्यंत महिनाभर बुडख्याभोवती गोटे लावून ठेवले तर व्हॅलिस त्याच्यासमोर टिकू शकतं, बाकीची बरीच झाडं टिकत नाहीत. फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्करवाल्यांनी नाद सोडा, ते एका रात्रीत सगळं पाण्यावर तरंगवतात.

माझ्या टँकमध्ये वाळूच नाही, मोकळी काच आहे.

कुंडीत लावा. कुंभार गल्लीतनं बिनरंगाच्या छोट्या मातीच्या कुंड्या आणा, रंगवलेल्या नकोत, एक दिवस पाण्यात भिजत ठेवा, वाळू भरा, एकेका कुंडीत तीन रोपं, आणि मागं ओळीनं मांडा. सफाईला उचलून बाजूला पण ठेवता येतात.

रंकाळ्यातनं किंवा नदीतनं झाड आणलं तर फुकटात काम होईल की?

होईल, आणि त्याबरोबर गोगलगायी, जळवा, चतुरांच्या अळ्या, सांडपाण्यातलं काय काय फुकट येईल. चतुराची अळी छोटे मासे धरून खाते, हे लोकांना टँकमधले गप्पी कमी व्हायला लागल्यावर कळतंय. दुकानातनं आणलेलं झाड पण धुवूनच टाका, गुलाबी होईल इतपत पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून मग साध्या पाण्यात दोनदा. ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायला सांगणारे व्हिडिओ बघून व्हॅलिस बुडवू नका, त्याला ब्लीच सोसत नाही.

बाजूला दोरीसारखं काहीतरी सरपटत चाललंय आणि त्याला छोटं झाड आलंय!

अभिनंदन, रनर आला. आईच्या बुडातनं आडवी कांडी निघते, तिच्या टोकाला पिल्लू, त्या पिल्लातनं पुढचं पिल्लू. पिल्लाला चार-पाच पानं आणि स्वतःची मुळं आली की कांडी कात्रीनं तोडून हवं तिथं लावा, किंवा तशीच राहू द्या, मागची ओळ भरायला हीच पाहिजेत. पुढच्या बाजूला पळालेली तेवढी काढा. सुरुवातीचे एक-दोन महिने काहीच होत नाही असं वाटतंय कारण झाड तेव्हा खाली मुळं पसरत असतं.

पानं फार लांब झाली, मधनं कापू का?

कापलेलं टोक तपकिरी होतंय नि घाण दिसतंय. त्यापेक्षा सगळ्यात जुनं लांब पान बुडातनं काढा.

पाण्यावर बारीक पांढरं काहीतरी आणि खाली स्प्रिंगसारखा देठ, हे काय?

फूल आलं. नशीब लागतं बघायला. व्हॅलिसमध्ये नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. मादीचं फूल लांब देठावर पाण्याच्या वर येऊन थांबतं, नराची बारीक फुलं बुडातनं सुटून वर तरंगत येतात आणि वाहत वाहत मादीच्या फुलाला जाऊन लागतात. मग तो देठ गुंडाळत जातो आणि फळ खाली पाण्यात ओढून घेतो. तुमच्याकडं बी धरणार नाही बहुतेक, कारण टँकमधली सगळी झाडं एकाच आईच्या रनरची असतात, म्हणजे सगळी नर नाहीतर सगळी मादी.

जाता जाता गुळाच्या गावाला सांगण्यासारखं, उत्तरेकडं पूर्वी खांडसारी साखर पांढरी करायला हेच असलं ओलं पाणगवत साखरेच्या ढिगावर पसरायचे, त्यातनं झिरपणारं पाणी मळी धुवून खाली न्यायचं. आपल्याकडं गुऱ्हाळात रस साफ करायला भेंडी वापरतात ती वेगळी गोष्ट.

आता इतकं झालंय की काढून टाकावं लागतंय, कुठं टाकू?

रंकाळा, कळंबा, पंचगंगा सोडून कुठंही. तिथं जलपर्णीचं काय होतंय ते दर वर्षी दिसतंय, आणि टँकमधनं सोडलेल्या सकर माशानं उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यांचं वाटोळं केलंय. ज्यादा झाडं उन्हात वाळवून कुंडीत घाला, चांगलं खत होतंय. कुणाला देणार असाल तर ओल्या पेपरात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, फ्रीजमध्ये ठेवू नका, सावलीत दोन दिवस आरामात राहतंय. देताना गड्डा वर ठेवायचं तेवढं मात्र सांगा.